प्राण्यांचा खेळ बघायचाय? आधी गल्लीतली पिल्लं बघा

भाऊ, पहिल्याच दमात पेंचच्या जंगलाची सफारी बुक करू नका. वाघाचे बछडे दिसलेच तरी जिप्सी किती वेळ थांबणार? सुरुवात गल्लीतल्या कुत्र्याच्या पिल्लांपासून करा.

पुढचे पाय जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून पिल्लू थबकलं, की ते खेळायचं आमंत्रण. मग मजा बघा: दांडगं पिल्लू मुद्दाम उताणं पडतं, पाठलाग करणारं स्वतःच पळत सुटतं. ही अदलाबदल थांबली, अंग ताठरलं, एकच जण सारखा दबतोय, तर तो खेळ नाही. नवखे बहुतेक इथेच फसतात.

एवढं डोळ्यात बसलं, की रामटेकच्या गडावर जा. काळतोंडी वानरं तिथे भरपूर; त्यांची पोरं एकमेकांच्या शेपट्या ओढतात, कुस्त्या खेळतात.

तिथे दोनच पथ्यं:
- हातात प्रसाद नको. खाणं दिसलं की खेळ बंद, हिसकाहिसकी सुरू.
- पिल्लाजवळ जाऊ नका, आई धावून येते.

उन्हाळ्यात सकाळीच जा बाप्पा. ऊन चढलं की सगळे सावलीत पेंगतात. आणि आधी नुसतं बघा. व्हिडिओ काढायच्या नादात सुरुवात कोणी केली तेच निसटतं.