हात कोरडे होतील, पण पाठीचं काय?

"मॅडम, ऑपरेशन केलं की तळहातांचा घाम कायमचा जाईल ना?" खुर्चीत टेकायच्या आधीच तिने विचारलं. वय २१. हातातला रुमाल पिळला असता तर पाणी निघालं असतं. परीक्षेत मनगटाखाली टिपकागद ठेवते, तरी शाई पसरते, असं आई सांगत होती.

त्रास शाळेपासूनचा, दोन्ही तळव्यांना सारखाच, झोपेत मात्र हात कोरडे. मावशीलाही तेच. हा मूळचाच अतिघाम, दुसऱ्या आजारातून आलेला नव्हे. झोपेत अंग भिजत असेल, वजन घटत असेल किंवा मोठेपणी अचानक सुरुवात झाली असेल, तर आधी थायरॉईड, साखर आणि चालू औषधं तपासायला हवीत.

ऑपरेशन कसं करतात ते तिला पाठ होतं. पूर्ण भूल, काखेखाली अर्ध्या सेंटिमीटरची एक-दोन छिद्रं, त्या बाजूचं फुप्फुस थोडा वेळ आकसवून आत दुर्बीण. मणक्याच्या कडेने बरगड्यांवरून सिंपथेटिक नसेची, म्हणजे घामाचा इशारा देणाऱ्या नसेची, साखळी उतरते. तळहातांसाठी ती तिसऱ्या किंवा चौथ्या बरगडीवर कापतात, नाहीतर क्लिपने दाबतात. हात बहुधा टेबलावरच कोरडे आणि उबदार होतात.

पुढचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. हातांचा घाम थांबला की पाठ, पोट, मांड्यांना तो वाढतो. बहुतेकांना थोडाफार, पण काहींना इतका, की दिवसातून दोन-तीनदा कपडे बदलावे लागतात. कुणाला किती होईल, हे आधी सांगता येत नाही. क्लिप काढली तरी सगळं पूर्ववत होईलच याची खात्री नसते. दुसऱ्या बरगडीच्या पातळीवर छेडछाड केली तर हा घाम वाढण्याची शक्यता जास्त, शिवाय पापणी खाली ओघळण्याचा धोका. पायांचे तळवे कोरडे होतील ही आशा धरूच नये. नाडी मुळातच मंद असेल तर ते शल्यचिकित्सकाला आवर्जून सांगावं.

"पाठ भिजलेली चालेल, हात नको," ती म्हणाली. हा निर्णय तिचाच आहे. पण त्याआधी एक गोष्ट विचारणं भाग होतं: घाम रोखणारं ॲल्युमिनियम क्लोराइडचं २० टक्क्यांचं द्रावण कसं लावलं होतं? सकाळी, हात धुऊन, ओलसर असतानाच. तिथेच चुकलं! ओल्या त्वचेवर त्यातून आम्ल तयार होतं आणि आग होते. ते रात्री झोपताना, हात पूर्ण कोरडे करून लावायचं आणि सकाळी धुवायचं. आठ दिवसांत आग झाली म्हणून सोडलेला उपाय 'लागू पडला नाही' या यादीत गेला होता.

त्वचारोगतज्ज्ञांनी सोबत आयनटोफोरेसिस सुरू केलं: साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये तळवे, १५ ते २० मिलिअँपिअरचा सौम्य विद्युतप्रवाह, २०-३० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. अंगठ्या काढायच्या, चिरांवर व्हॅसलिन लावायचं. पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर हे करत नाहीत. दहाव्या बैठकीच्या सुमारास टिपकागद सुटला. आता आठवड्याला एकच बैठक, पण ती चुकली की ओल परत येते.

त्या फेऱ्यांचा तिला कंटाळा आहे, म्हणून ऑपरेशनचा विचार तिने सोडलेला नाही. शल्यचिकित्सकासाठी तिने वहीत तीन प्रश्न लिहिलेत: कोणत्या बरगडीवर? कापणार की क्लिप? आणि तुमच्या रुग्णांपैकी किती जण पाठीच्या घामाची तक्रार घेऊन परत आले?