गळ्याआधी हात बघ

अरे,

तुझा मेसेज वाचला आणि त्याखालचा तुझ्या जिउ-जित्सूच्या रोलचा, म्हणजे सरावातल्या झटापटीचा, व्हिडिओपण दोन-तीनदा बघितला. "दादा, दर वेळी मागूनच गळा सापडतो, चोक लागला की सोडवायचा कसा" एवढंच विचारलंयस. खरं सांगू का, चोक, म्हणजे मागून हाताने गळा आवळणं, पूर्ण लागल्यावर सोडवायचं असं फारसं काही उरतच नाही. व्हिडिओ परत लाव आणि गळ्याकडे बघू नको, तुझ्या स्वतःच्या हातांकडे बघ. मागे बसलेल्या पार्टनरचा उजवा हात तुझ्या उजव्या खांद्यावरून पुढे येतोय, डावा काखेतून आत शिरलाय, छातीवर दोन्ही हातांची गाठ पडलीये म्हणजे सीटबेल्ट पक्का झालाय, आणि तू काय करतोयस तर दोन्ही हातांनी मांडीवरचा त्याचा पाय ढकलतोयस. पाय टोचतात, चिडचिड होते, मान्य. पण मागून बसलेला माणूस गळा हातानंच आवळणार आहे ना, मग आधी हात.

खांद्यावरून आलेला हात हा चोकचा हात, हे डोक्यात एकदा फिट कर. तो हात मनगटापाशी दोन्ही हातांनी धर आणि खाली छातीकडे ओढून तिथेच ठेव, पाठीवरच्या सॅकचा पट्टा धरतो ना तसा. ग्रिप घेताना बोटं धरायची तर चारही एकत्र, एक-एक बोट पिरगाळायचं नाही, बोट मोडलं तर तुझ्यासोबत रोल करायला कोण येईल? तो दुसऱ्या हाताने तुझी ग्रिप सोडवायला बघेल, सोडवेलही, मग परत धर, परत सोडवेल, परत धर. हे कंटाळवाणं काम आहे आणि व्हिडिओत दिसायलाही काही भारी दिसत नाही, पण सगळी तोड इथेच आहे.

हनुवटी खाली दाबून बसतोस ते चांगलं आहे, पण त्यावर भरवसा ठेवू नको. खांदे कानाजवळ आण, मान आखूड कर, एवढ्यानं दोन-चार सेकंद मिळतात, ते सेकंद हातांसाठी वापरायचे. मी सुरुवातीच्या काळात हनुवटी छातीला चिकटवली की जिंकलो असं समजायचो. एकदा एका दांडग्या पार्टनरने हनुवटीवरूनच आवळलं, त्याच्या मनगटाचं हाड बरोब्बर जबड्यावर, आणि मी हट्टाने टॅप केलं नाही, म्हणजे हार मानली म्हणून थोपटलं नाही, कारण "गळा कुठे लागलाय". पुढचे पंधरा दिवस घास चावताना कानाखाली कट कट वाजायचं. चूक त्याची नव्हती हां, माझीच.

आता सुटायचं कुठल्या बाजूला. तू व्हिडिओत त्याच्या चोकच्या हाताच्या बाजूला कलंडलास, म्हणजे त्याला जे हवं तेच दिलंस. उलटीकडे जायचं, ज्या काखेतून त्याचा हात आलाय त्या बाजूला. तुझ्या केसमध्ये डावीकडे. डोकं डावीकडे मॅटला टेकवायचं, आणि हे करतानाही त्याचा उजवा हात सोडायचा नाही. मग खालच्या बाजूचा हुक, म्हणजे तुझ्या मांडीवर अडकवलेला त्याचा पाय, तुझा त्या बाजूचा पाय सरळ करून झटकायचा, कंबर त्याच्या त्या पायावरून पलीकडे मॅटवर न्यायची आणि पाठ जमिनीला लावायची. कुस्तीचं डोकं असेल तर हे विचित्र वाटतं, तिथे पाठ टेकली की चीतपट, खेळ खल्लास, आणि इथे दोन्ही खांदे मॅटला लागले की तुझी पाठ त्याच्याकडून परत मिळाली. मग त्याच्याकडे तोंड करून वळायचं. वळताना घाई केलीस तर तो वरचा पाय टाकून सरळ छातीवर येऊन बसतो, म्हणून एक हात त्याच्या वरच्या गुडघ्यावर ठेव. हे माझ्याकडून पन्नासदा झालंय, पाठ सोडवली म्हणून खूश आणि पुढच्या क्षणाला माउंटखाली.

आणि हात गळ्याखाली गेलाच तर? मग बघ त्याचा दुसरा हात कुठाय. तो हात तुझ्या डोक्यामागे जाऊन बसला की कुलूप लागलं. तो मागे सरकत असतानाच पकडायचा आणि डोक्यावरून पुढे ओढायचा, एवढी एकच चांगली संधी असते. सोबत हनुवटी त्याच्या कोपराच्या खाचेकडे वळव, श्वासनळीवरचा दाब कमी होतो. रक्ताचा दाब मात्र तेवढ्यानं सुटत नाही, हे विसरू नको.

कारण नीट लागलेला चोक हवा बंद करतच नाही, मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या दाबतो. नळीवर दाब आला तर दुखतं, खोकला येतो, तू आपोआप टॅप करतोस. रक्ताचा चोक दुखत नाही. मला एकदा असा लागला तेव्हा वाटत होतं की मी निवांत लढतोय, कानात एक लांबचा गुं आवाज, समोरचं दिसणं कडेने काळं होत गेलं, आणि मग एकदम वरचा दिवा आणि तीन चेहरे माझ्याकडे बघतायत आणि मी विचारतोय, "रोल सुरू करायचा ना?" पूर्ण लागला तर साधारण दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो, कधी त्याआधीच. ब्राझीलमध्ये ह्या चोकला सिंह मारणारा असं नाव आहे, ज्युडोत हदाका-जिमे, आणि 1993 साली पहिल्या यूएफसीच्या (मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेच्या) फायनलमध्ये रॉयस ग्रेसीने जेरार्ड गोर्डोला ह्यानंच टॅप करायला लावलं. सगळ्यांना माहीत असलेला डाव आहे तरी अजून लागतो, मग तुला लागला म्हणून लाज कसली.

टॅप त्याच्या अंगावर कर, त्याला जाणवेल असा, हवेत हात हलवून नाही. हात अडकले तर पायाने मॅटवर. तोंडानेही सांग पण त्यावर विसंबू नको, गळा दाबलेला असताना आवाज निघतोच असं नाही. तुम्ही लोक कोच नसताना आपापसात रोल करता म्हणून आधीच ठरवून घ्या, कोणी ढिला पडला की लगेच सोडायचं, पाठीवर झोपवायचं, आणि शुद्ध आली तरी त्या दिवशी त्याचा रोल बंद. नंतर मान किंवा डोकं दुखत राहिलं, दिसण्यात फरक वाटला, आवाज बसला, एका बाजूला हातपाय जड वाटले तर "होईल बरं" म्हणत बसायचं नाही, तडक डॉक्टर. क्वचित मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा होते, ती बाहेरून दिसत नाही.

पुढचे काही दिवस फुल रोल जरा कमी कर. पार्टनरला पाठीवर बसव, सीटबेल्ट देऊन टाक, आणि तीन मिनिटं फक्त हात. त्याने फक्त चोक शोधायचा, तू फक्त हात खाली ठेवायचा, सुटायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. अर्ध्या ताकदीने. पहिल्या मिनिटातच तुझे पंजे आखडतील कारण तू गरजेपेक्षा घट्ट धरतोस, मग आपोआप कळायला लागेल कधी आवळायचं आणि कधी नुसतं लटकायचं. हे जमलं की मग खांदे मॅटला न्यायचं जोड, पाय सगळ्यात शेवटी. नवीन व्हिडिओ पाठवशील तेव्हा कॅमेरा समोरून लाव, मागच्यात निम्मा वेळ त्याची पाठच दिसतेय.

आणि नखं कापून जा रे, ह्या ड्रिलमध्ये समोरच्याचं मनगट सोलून निघतं.