माती ग्राउट घेत नसेल तर दाब वाढवू देऊ नका

‘माती ग्राउट घेत नाहीये, दाब वाढवला की घेईल असं ठेकेदार म्हणतोय.’ तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य वाचलं आणि पोटात गोळा आला. (ग्राउट म्हणजे जमिनीतल्या फटी बुजवायला पंपाने आत सोडायचं पातळ मिश्रण, इथे सिमेंट आणि पाण्याचं.) हेच वाक्य मीही ऐकलं होतं आणि मान डोलावली होती.

तुमच्याकडे डिझेलची गळती, जेमतेम तीन-चार मीटरवर पाणी, बारीक वाळू, आणि विहीर वाचवायला सिमेंट ग्राउटचा पडदा, म्हणजे डिझेल मिसळलेलं पाणी अडवणारी जमिनीखालची भिंत. आमचंही तंतोतंत हेच होतं. गळती थांबवलीत आणि पाणी कुठल्या दिशेला वाहतं ते मोजलंत, हे गृहीत धरतो.

आमच्याकडे चार मीटर खोलीवर ग्राउट सोडताना दाबाच्या गेजचा काटा दर चौरस सेंटिमीटरला सहा किलोवर होता. चार मीटर मातीचं स्वतःचं वजन दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं. नळीत थोडा दाब जातो हे मान्य, पण एवढ्या फरकाने ग्राउट वाळूत झिरपत नाही, जमीनच फाटते. काटा झपकन खाली आला, पंप धडाधड चालू लागला आणि सगळे खूश, ‘घेतलं, घेतलं!’ त्यात करार पोत्यांवर. जितकी पोती जमिनीत, तितकं बिल. ही अट मीच मान्य केली होती, दुसऱ्या कुणाला बोल लावू?

चार महिन्यांनी विहिरीला पुन्हा वास. पाण्याच्या पातळीपर्यंत खड्डा खणला, तर आत करंगळीएवढे जाड करडे पापुद्रे, आडवेतिडवे गेलेले. एक मोडून पाहिला. त्याला लागून असलेली वाळू बोट लावताच भुरभुर गळली, सिमेंटचा कणही नाही. म्हणजे ग्राउट फाटलेल्या भेगांत गेलं, वाळू मोकळीच राहिली.

संबंधित कार्यालयाची तर वेगळीच तऱ्हा. त्यांच्या फॉर्मात रकाना एकच, ‘वापरलेली पोती’. आमची आराखड्यापेक्षा जास्त भरली, म्हणून दाखला हातोहात! वासाची तक्रार घेऊन गेलो तर म्हणे, काम तर पूर्ण झालंय. असो.

गणित खरं तर सोपं आहे. वाळूचा डी१५ भागिले सिमेंटचा डी८५. (डी१५ म्हणजे ज्या आकाराहून बारीक कण वजनाने १५ टक्के भरतात तो आकार; डी८५ मध्ये तेच ८५ टक्के.) उत्तर २४ च्या वर आलं तर ग्राउट झिरपेल, ११ च्या खाली असेल तर विषय सोडा. साध्या सिमेंटचा डी८५ साधारण ०.०५ मिलिमीटर धरा, म्हणजे वाळूचा डी१५ सव्वा मिलिमीटर तरी हवा. बारीक वाळूत तो ०.१ च्या आसपास असतो. भागाकार २! तिथे अतिसूक्ष्म सिमेंटही बहुधा अडेल. कोलॉइडल सिलिकासारखं (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेलं, नंतर घट्ट होणारं) द्रावण किंवा जेट ग्राउटिंग (जोरदार झोताने माती फोडून तिथेच सिमेंटमध्ये मिसळणं) लागेल. मी भूजलतज्ज्ञ नाही, पोळलेला माणूस आहे. तुमच्या मातीचा निर्णय तुमच्या चाळणी चाचणीवरच (कणांचे आकार मोजणारी चाचणी) घ्या.

माझं मत विचाराल तर, एवढं उथळ असेल आणि जागा असेल तर इंजेक्शनच्या नादाला लागूच नका. चर खणून बेंटोनाइटची (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीची) भिंत घाला, खालच्या चिकणमातीत दोन-तीन फूट रुतवून. निदान काय भरलं ते डोळ्यांना दिसतं. आणि कुठलाही पडदा घातला की मागे, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, पाणी चढतं आणि टोकांना वळसा घालतं, म्हणून मागच्या बाजूने उपसा ठेवावाच लागतो. हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं.

तुमच्या पोस्टखाली एकाने लोखंडाच्या चुऱ्याची झिरपती भिंत सुचवली आहे, म्हणजे पाणी आरपार जाऊ देऊन त्यातलं प्रदूषण मोडणारी. कॅनडात बोर्डन इथे १९९१ मध्ये तिचा प्रत्यक्ष जमिनीत प्रयोग झाला, पण ती क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटसाठी. डिझेलवर तिचा उपयोग नाही.

करार अजून व्हायचा असेल तर पोत्यांची अट काढा आणि शेवटचा हप्ता चाचणीवर ठेवा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ एकेक बोअर घ्या, एकातून उपसा करा आणि दुसऱ्यातली पातळी बघत राहा. आमच्याकडे वीस मिनिटांत दुसरीही खाली सरकली होती, म्हणजे पडदा पाणी अडवतच नव्हता. चाळणीचा रिपोर्ट आला की डी१५ चा आकडा इथे टाका, आणि तोवर पंप बंदच ठेवायला सांगा.