चाकाच्या पोटातले गिअर

या अंकासाठी आलेल्या पत्रांत विजेवरच्या माउंटन सायकली आणि मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) बसणारे गिअर यांवरच सगळ्यांचा जोर दिसला. म्हणून या वेळी पंक्चर, सीटची उंची वगैरे नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, माझी नोकरी चिंचवडला गिअर तपासणी खात्यात गेली. दात्यांना निळा रंग लावून ते कुठे टेकतात ते बघणं हे काम. सायकलीकडेही मी त्याच डोळ्यांनी बघते.

प्रश्न: ताई, माझ्याकडे २५० वॅटची, मागच्या चाकात मोटर असलेली इलेक्ट्रिक एमटीबी (माउंटन बाइक) आहे. यवतेश्वर घाट चढून कासच्या बाजूला जातो, मधे कच्च्या वाटांना लागतो. पावसाळ्यात डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला धरणारा तुकडा, सारखा वाकतो. दुकानदार म्हणतो, परदेशातून आतल्या गिअरचं हब मागवा, कटकट संपेल. मागवू का? (सातारा)

नका मागवू. मागच्या चाकाच्या मध्यभागी एकच हब मावतं आणि तुमच्या सायकलीत ती जागा मोटरने घेतली आहे. गिअरचं हब बसवायचं तर मोटर काढावी लागेल. मग खाली उरेल ती बॅटरीचं ओझं वाहणारी साधी सायकल. दुकानदाराचा घोळ कुठे झाला असावा ते लक्षात येतं. तुमच्या मोटरच्या आतही दातेरी चक्रं आहेत, पण ती मोटरचा वेग चार-पाच पटींनी कमी करून चाकाला देतात, एवढंच. ते गुणोत्तर कायमचं असतं, हँडलवरून बदलता येत नाही.

शिवाय हबमधल्या गिअरचा मोठा फायदा म्हणजे चेन आणि कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) वाचते. तुमच्या मोटरचा जोर चेनमधून जातच नाही, थेट चाकाला मिळतो. म्हणजे तुमची चेन झिजते ती फक्त पायांनी आणि चिखलाने. तुमचं दुखणं आहे दगड लागण्याचं, आणि हँगर वाकतो हे त्यावर चांगलंच आहे. तो मऊ धातूचा मुद्दाम केलेला असतो, नाहीतर फ्रेम वाकली असती. तुमच्या मॉडेलचे दोन हँगर आणून ठेवा (प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा, अंदाजाने घेऊ नका) आणि एक पिशवीत टाका. वाकलेला हँगर पकडीने सरळ करणाऱ्या मिस्त्रीकडे पुन्हा जाऊ नका. त्यासाठी चाकाच्या रिमवरून माप घेणारी वेगळी दांडी मिळते. मागचं सर्वांत मोठं चक्र २८ दात्यांचं असेल तर लांब पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणाऱ्या लोंबत्या भागाचा) डिरेलर हवाच कशाला? आखूड पिंजऱ्याचा लावा, दगडापासून दोन बोटं वर राहील.

न विचारता एक सांगते. यवतेश्वरच्या चढावर तुम्ही कितीही हलका गिअर घेतलात तरी मोटरला त्याचा काही उपयोग नाही, कारण ती चाकाच्या वेगाला बांधलेली आहे. चाक मंद फिरलं की करंट वाढतो आणि मोटर तापते. चढावर पाय जास्त लावा आणि वेग अगदी पडू देऊ नका. यावर उपाय म्हणून कोणी क्रँकला (पेडलच्या दांडीला) लावायचं ७५० वॅटचं किट सुचवेल, तर लक्षात ठेवा, आपल्याकडे पाव किलोवॅट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा ओलांडली की ती सायकल कायद्याने मोटार वाहन होते. मग नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं.

प्रश्न: मी मूळचा नाशिकचा, सध्या श्टुटगार्टला असतो. फुल सस्पेन्शन ई-एमटीबी आहे, मोटर क्रँकपाशी, ८५ न्यूटन-मीटरची (हे फिरवण्याच्या जोराचं माप). पुढे ३४ दाते, मागे १० ते ५१. श्वेबिश आल्बच्या डोंगरात दर शनिवार-रविवार जातो. वर्षाला दोन चेन आणि एक कॅसेट संपते. याच सायकलीला रोलॉफचं आतल्या गिअरचं हब बसवलं तर? (श्टुटगार्ट)

हा खरा प्रश्न. तुमच्या मोटरचा जोर आणि तुमच्या पायांचा जोर दोन्ही त्या एका सडपातळ चेनमधून जातात, त्यात तुम्ही चढावर दाबून पेडल मारत गिअर बदलत असणार. दहा दात्यांचं चक्र तर झिजण्यासाठीच जन्माला आलेलं असतं.

रोलॉफचं स्पीडहब कासेलजवळच्या फुल्डाटालमध्ये तयार होतं, १९९८ पासून. आत ग्रहचक्रांचे (मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या दातेरी चक्रांचे) संच तेलात बुडालेले. १४ गिअर, प्रत्येक पायरी साधारण १३.६ टक्क्यांची, एकूण पल्ला, म्हणजे सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड गिअरमधलं प्रमाण, ५२६ टक्के. तुमच्या कॅसेटचा पल्ला ५१० टक्के, म्हणजे इथे काहीच गमवावं लागत नाही. पुढे ३८ आणि मागे १६ दाते लावले तर गुणोत्तर २.३७५. पहिला गिअर त्याला ०.२७९ ने गुणतो, उत्तर ०.६६. तुमचे ३४ भागिले ५१ म्हणजेही ०.६७. चढावर पायांना फरक कळणार नाही.

आता जोराचा हिशोब मांडते, कारण बसवणारे नेमका हाच भाग वगळतात. समजा तुमचं वजन ७५ किलो आणि १७० मिलिमीटरच्या क्रँकवर तुम्ही उभे राहिलात. तुमच्याकडून साधारण १२५ न्यूटन-मीटर, मोटरकडून ८५, मिळून २१०. मागच्या १६ दात्यांवर येतात २१० भागिले २.३७५, म्हणजे ८८. हबच्या आत पहिल्या गिअरमध्ये ते होतात ३१७. हे वाढलेले सुमारे २३० न्यूटन-मीटर आले कुठून? एक्सलकडून, म्हणजे चाकाच्या आसाकडून. एक्सल तेवढ्याच जोराने उलट फिरू बघतो आणि त्याला धरून ठेवावं लागतं फ्रेमने. डिरेलरच्या चाकात हा प्रकारच नाही, तिथे एक्सल निवांत असतो. म्हणून या हबला जोर पेलणारी पट्टी लागते, ती ब्रेकच्या बोल्टला किंवा चेनस्टेला (चेनशेजारच्या फ्रेमच्या नळीला) टेकवतात. तुमच्या फ्रेमच्या कंपनीने त्याला परवानगी दिली आहे का, हे आधी लेखी विचारा.

याच हिशोबातून दुसरी गोष्ट निघते. पुढचं चक्र लहान आणि मागचं मोठं केलं की हबच्या आत जाणारा जोर वाढतो. म्हणून किमान गुणोत्तर ठरवून दिलेलं असतं, आणि १०० किलोंच्या वरच्या स्वाराला ते आणखी मोठं ठेवावं लागतं. प्रमाणाबाहेर जोर गेलाच तर आत नायलॉनच्या पिना असतात, त्या तुटतात आणि दाते वाचतात. आमच्या खात्यात असं काही दिसलं की मी आखणाऱ्याला मनातल्या मनात नमस्कार करायची.

गिअर बदलण्याचं तंत्र वेगळं आहे. आतला सात गिअरांचा संच दोनदा वापरलेला आहे, खालच्या सातांत आणखी एक रिडक्शन (वेग कमी करणारी जोडणी) जोडलेलं. त्यामुळे ७ वरून ८ वर जाताना आत बरेच तुकडे एकदम जागा बदलतात. जोर देऊन बदललात तर क्षणभर चौदावा लागल्यासारखा पाय अडतो. साध्या सायकलीवर पाय सैल सोडला की झालं, पण क्रँकची मोटर पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. म्हणून बॉशच्या मोटरसोबत चालणारी ई-१४ ही विजेवर गिअर बदलणारी जोडणी निघाली. बदलाच्या वेळी मोटरच हात आखडता घेते. तुमची मोटर या जोडणीशी जुळत नसेल तर केबलवाला प्रकार उरतो. त्यात गिअरचे टप्पे हबच्या आत असतात, हँडलवर नाहीत, त्यामुळे केबल ताणली म्हणून गिअर चुकत नाही. आणि चढावर अडकून थांबलात तर उभ्या उभ्या पहिला गिअर टाकता येतो. चोवीस किलोचं धूड डोंगरात चढाच्या मधोमध पुन्हा हलवताना हे सुख कळतं.

एवढं गुणगान करूनही तुमच्या सायकलीला मी नाहीच म्हणेन. कारण आहे सस्पेन्शन. हब पावणेदोन किलोंच्या आसपास. कॅसेट, डिरेलर, जुनं हब काढल्यावर निव्वळ वाढ एक किलोच्या आत राहील, पण ती सगळी मागच्या एक्सलवर, स्प्रिंगच्या खालच्या बाजूला. दगडावरून उडालेलं जड चाक जमिनीला परत टेकायला उशीर करतं, आणि तुम्ही फुल सस्पेन्शनचे पैसे मोजलेत ते नेमके त्यासाठीच. शिवाय सस्पेन्शन दबलं की क्रँक आणि एक्सल यांतलं अंतर बदलतं, म्हणून चेन ताणणारा हात लावावा लागतो. म्हणजे जे लोंबतं ते काढायला गेलात आणि दुसरं लोंबणारं घेऊन आलात.

पुढची सायकल घ्याल तेव्हा गिअरबॉक्स क्रँकपाशी असलेली बघा. पिनियन ही कंपनी तुमच्या घराजवळ डेंकेनडोर्फला आहे, पोर्शेमधून बाहेर पडलेल्या दोन अभियंत्यांनी काढलेली. २०२३ मध्ये त्यांनी मोटर आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत आणले: १२ गिअर, ६०० टक्के, ८५ न्यूटन-मीटर. वजन मध्यभागी, मागचं चाक हलकं. तोवर चेन वेळेवर मोजून बदला. चेन वेळेत बदलली की कॅसेट जास्त टिकते.

हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) असती, चिखलातून लांबच्या भटकंतीला वापरायची असती, तर माझं उत्तर वेगळं आलं असतं. तिथे हे हब मी डोळे मिटून घ्यायला सांगते. किंमत हजार युरोंच्या वर, पण तेल वर्षातून एकदा किंवा ५,००० किलोमीटरना बदललं की आत बघावंही लागत नाही. बाहेरून थोडं तेल पाझरून धूळ चिकटते, त्याला घाबरायचं नाही. फक्त जेटच्या पाण्याचा फवारा सीलवर मारू नका.

प्रश्न: माझ्या शहरी ई-सायकलीला एनव्हिओलोचं विनापायऱ्यांचं हब आहे. बेल्जियममधल्या आर्देनच्या डोंगरात नेली तर चालेल? (आइंडहोवन)

डांबरी चढाला न्या. या हबमध्ये दाते नाहीत, कलणारे गोळे आहेत. गोळ्याचा कल बदलला की गुणोत्तर सलग बदलतं, मुठीने नळ फिरवल्यासारखं. पल्ला जास्तीत जास्त ३८० टक्के. म्हणजे सपाटीचा वेग ठेवला तर चढाला गिअर कमी पडेल, चढाचा ठेवला तर सपाटीवर पाय भिरभिरतील. दोन्हींपैकी एक निवडा. जंगलातल्या मुळं-दगडांच्या वाटेला मी ते जड चाक नेणार नाही.

प्रश्न: आजोबांची राले सायकल घरात आहे, मागच्या हबवर स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू आणि एक आकडा कोरलाय. बाबांना पन्हाळ्यापर्यंत जाता यावं म्हणून विजेचं किट बसवायचं आहे. हब टिकेल का? (कोल्हापूर)

टिकेल, मोटर पुढच्या चाकात बसवलीत तर. पुढची मोटर स्वतः रस्त्याला ढकलते, मागच्या हबला फक्त बाबांचे पाय सोसायचे. क्रँकला मोटर लावू नका. १९३६ पासूनचा हा तीन गिअरांचा आराखडा माणसाच्या पायांसाठी आहे: मधला सरळ, वरचा एक-तृतीयांशाने जलद, खालचा पाव भागाने हलका. कोरलेला आकडा बहुधा बनवल्याच्या वर्षाचा आणि महिन्याचा आहे.

पुढच्या फोर्कच्या दोन टोकांतलं अंतर मोजा. हल्लीच्या मोटरी १०० मिलिमीटरच्या असतात, जुन्या राले त्याहून अरुंद. फोर्क लोखंडी आहे म्हणून थोडा उघडता येईल, पण एक्सलला जोर पेलणारी पट्टी लावल्याशिवाय मोटर सुरू करू नका. आणि दांड्यांचे ब्रेक असतील तर पन्हाळ्याचा उतार पावसात उतरू देऊ नका. ओल्या क्रोमच्या रिमवर ते नुसते घासतात. याबाबत मी कडक आहे, बाबांना माझं नाव सांगा.

हबवर तेलाचं छोटं झाकण असेल, त्यातून पातळ तेलाचे काही थेंब टाका. ग्रीस नको, आतल्या खिट्ट्या (दात्यांत अडकणारे छोटे तुकडे) चिकटतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक रिकामी जागा असते, तिथे अडकलं की पेडल एकदम हवेत फिरतं. उभं राहून मारणारा माणूस दांडीवर आपटतो. म्हणून आधी केबल जुळवा. लिव्हर मधल्या खुणेवर ठेवा आणि एक्सलच्या नटाला असलेल्या खिडकीतून बघा: बारीक साखळी ज्या सळईला जोडली आहे तिचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर यायला हवा. आत-बाहेर असेल तर केबलचा गोल स्क्रू फिरवा, आणि तो जागेवर आवळायला विसरू नका.