शार्लरवाचं बावीस युरोंचं तिकीट

वाचकाचा प्रश्न (थोडक्यात): आम्ही दोघं आणि चार वर्षांचा मुलगा नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहतो. सासू-सासरे एप्रिलच्या मध्याला साताऱ्याहून येतील, जूनच्या सुरुवातीला परत जातील. मे महिन्यातल्या शाळेच्या सुट्टीत त्यांना तीन रात्री रोमला न्यायचं आहे. बेल्जियममधल्या शार्लरवाहून माणशी २२ युरोंत एका बाजूचं तिकीट मिळतंय, सेल दोन दिवसांत संपेल. आइंडहोवनहून जाऊन-येऊन माणशी ९२ युरो पडतात. आई-बाबांचा व्हिसा अजून व्हायचा आहे. शार्लरवाची तिकिटं आत्ताच काढून टाकू का? पैसे स्वतःच्या कार्डावरून भरायचा बाबांचा आग्रह आहे.

उत्तर:

नमस्कार. या सेलमध्ये तिकिटं काढू नका. आइंडहोवनचीही आज काढू नका. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी हिशोब करू. पाच जणांचे शार्लरवाहून २२० युरो, आइंडहोवनहून ४६०. फरक २४० युरोंचा, आणि कुणालाही मोह पडावा असाच. यातला बराचसा फरक विमान कंपनीच्या औदार्याचा नसून कराचा आहे. नेदरलँड्समधून उडणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर सरकार कर लावतं. २०२५ साली तो माणशी २९.४० युरो होता, म्हणजे पाच जणांचे १४७. बेल्जियममध्ये युरोपातल्या उड्डाणांवरचा हा कर त्यामानाने किरकोळ आहे. सीमेपलीकडून उडालात की हे पैसे वाचतात, पण त्यासाठी सीमेपलीकडे पोचावं लागतं.

शार्लरवाच्या विमानतळाच्या नावात ब्रसेल्स असलं तरी तो ब्रसेल्समध्ये नाही. तुमच्या घरापासून तो दीडशे किलोमीटरच्या आसपास, गाडीने साधारण दोन तास. जाण्यायेण्याचं पेट्रोल ४० युरो धरा आणि पार्किंगचे तुम्ही कळवलेले ६५. एकूण झाले ३२५. आइंडहोवनला स्टेशनवरून विमानतळाची बस आहे, तिचे ३० धरले तर ४९०. म्हणजे अजूनही १६५ युरो वाचतात.

पण तुम्ही पाठवलेल्या वेळा पाहा. जाताना विमान सकाळी साडेसहाला, येताना उतरायचं रात्री साडेअकराला. म्हणजे रात्री दोनला घर सोडायचं, मुलाला झोपेतून उचलून गाडीत घालायचं आणि गुडघेदुखीच्या सासूबाईंना मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये बसवायचं. परतताना पुन्हा मध्यरात्री दोन तास गाडी चालवायची. हे नको म्हणून आदल्या रात्री विमानतळाजवळ दोन खोल्या घेतल्यात तर तुम्हीच लिहिल्याप्रमाणे १८० युरो. मग शार्लरवा पडलं ५०५ ला, आइंडहोवनपेक्षा १५ युरो महाग. तुम्ही दोघंच असता तर मी शार्लरवाला जा म्हटलं असतं. सासूबाई पहिल्यांदा युरोप बघणार आहेत. रोमचा पहिला दिवस त्यांनी पेंगत काढावा, असं मला वाटत नाही.

खरी बचत विमानतळ बदलून होणार नाही, तारीख बदलून होईल. शाळेच्या सुट्टीत सगळं नेदरलँड्स बाहेर पडतं, त्यातच २७ एप्रिलचा राजाचा वाढदिवस येतो. तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे. तिथे शाळेची कायदेशीर सक्ती पाचवा वाढदिवस झाल्यानंतरच्या महिन्यापासून लागू होते. चार वर्षांचं मूल शाळेत जात असलं तरी शाळेशी बोलून चार दिवस सुट्टी घेता येते. ही मोकळीक पुढच्या वर्षी नसेल. म्हणून सुट्टी संपल्यावर, मेच्या मध्याला, मंगळवार ते शुक्रवार असा बेत करून दर पाहा. फक्त हेमेलफार्तचा, म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो टाळा, कारण लोक शुक्रवार जोडून चार दिवस काढतात. बेत मेच्या अखेरीसही ढकलू नका. रोमचं आणि आई-बाबांचं मुंबईला परतायचं ही वेगवेगळी तिकिटं आहेत. रोमचं परतीचं विमान रद्द झालं आणि त्यामुळे मुंबईचं चुकलं, तर मुंबईच्या तिकिटाची जबाबदारी कुणीही घेणार नाही. मध्ये निदान एक आठवडा ठेवा.

आता व्हिसा. स्वस्त तिकीट म्हणजे परत न मिळणारे पैसे. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पैसे परत मिळतात. कंपनीच्या चुकीने तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलात तर युरोपीय नियमाप्रमाणे १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला माणशी २५० युरो भरपाईही मिळते, आणि रोम त्या अंतरात बसतं. व्हिसा नाकारला गेला किंवा उशिरा आला, तर यातलं काहीच लागू होत नाही. आइंडहोवनच्या दराने आई-बाबांच्या दोन तिकिटांचे १८४ युरो आज टांगणीला लागतील. थांबलात आणि दर ९२ वरून ११० वर गेला, तरी पाच जणांचे जास्तीचे ९० युरोच जातील. शिवाय तारीख बदलल्यावर दर चढण्यापेक्षा उतरण्याची शक्यता मला जास्त वाटते.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला नेहमीचे पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत ताणू शकतात. म्हणून या आठवड्यातच अर्जाची वेळ घ्या. नेदरलँड्सच्या व्हिसावर रोमला जाता येतं, त्यासाठी एकदाच प्रवेशाचा व्हिसाही चालतो. मात्र त्या व्हिसावर मधेच लंडन किंवा डब्लिनचा मोह नको, शेंगेनबाहेर पडलं की परत आत येता येणार नाही. आणि तिकीट काढताना नाव पासपोर्टवरून अक्षर न् अक्षर उतरवा. आपल्याकडे कुठे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, कुठे नसतं. स्वस्त कंपन्यांत नाव बदलण्याचा आकार तिकिटापेक्षा जास्त असू शकतो.

बाबांच्या कार्डाबद्दल. भारतीय क्रेडिट कार्डावर परकीय चलनात खर्च केला की बहुतेक बँका २ ते ३.५ टक्के आकारतात, त्या आकारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. वेबसाइटने ‘रुपयांत भरा’ असं सुचवलं तर तो दर बहुधा त्याहून वाईट असतो. तिकिटं तुमच्या डच खात्यातून काढा. पण त्यांचा आग्रह मोडून त्यांना दुखवू नका. निघताना युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड आणायला सांगा आणि रोममधली जेवणं त्यांना देऊ द्या. युरो भरलेल्या कार्डावर युरोंत खर्च करताना चलनबदलाचा आकार लागत नाही.

तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेख नाही, पण मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते, तो म्हणजे आई-बाबांचा आरोग्य विमा. व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतंच, आणि बहुतेक जण त्या अटीपुरती सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतात. बाबांना रक्तदाब आहे, असं तुम्ही लिहिलंय. आधीपासून असलेल्या आजारामुळे दवाखान्यात ठेवावं लागलं तर पॉलिसी किती देते, ते तिच्या कागदात शोधा. तारीख बदलून जे पैसे वाचतील ते इथे घाला. सात आठवड्यांच्या मुक्कामात एक रात्र रुग्णालयात काढावी लागली, तर या सगळ्या तिकिटांची बेरीज तिच्यापुढे काहीच नाही.

तिकिटं काढाल तेव्हा सासूबाईंसाठी व्हीलचेअरची मदत मागा. युरोपातल्या विमानतळांवर ती कायद्याने मोफत आहे, स्वस्त तिकिटालासुद्धा, फक्त ४८ तास आधी कळवावी लागते. पाच जणांत वीस किलोंची एकच बॅग घ्या आणि बाकी सगळ्यांच्या सीटखाली मावतील अशा पिशव्या. त्यांची मापं कंपनीच्या पानावर बघून घरीच टेपने मोजा. गोळ्या-औषधं हातातल्या पिशवीत. चपात्या आणि लाडूही तिथेच चालतील, पण लोणच्याची बरणी बॅगेत टाका. सुरक्षातपासणीत लोणचं द्रवपदार्थात मोजतात.