फोमचं सँपल फिट बसलं, आता डाय बनवू का?

प्रश्न: आमचं सव्वा किलोचं मोजमापाचं यंत्र आहे, पुढे काचेची स्क्रीन. बॉक्ससाठी फोमचं एक सँपल कापून घेतलं, एकदम टाइट बसलं. व्हेंडर म्हणतोय डाय (फोम दाबून कापायचा धारदार साचा) करून थेट २००० पीस काढू. हो म्हणू का?

उत्तर: जरा थांबा. आधी विचारा की सँपल कुठल्या फोमचं आहे आणि कापलंय कशाने. बरेचदा होतं काय, की सँपलसाठी हाताशी असलेला मऊ पीयू (स्पंजसारखा पॉलीयुरेथेन) फोम सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, कापून देतात आणि माल मात्र ईपीईचा (पॉलीइथिलीनचा फोम), डायने कापलेला येतो. पीयू दबतो म्हणून वस्तू घट्ट धरतो, ईपीई तेवढा दबत नाही, मग त्याच मापाच्या खाचेत तुमचं यंत्र ढकलून बसवावं लागेल. शिवाय जाड फोमवर डाय पडली की फोम आधी दबतो मग कापला जातो आणि परत फुगल्यावर कड मधोमध आत गेलेली दिसते, त्यामुळे ५० मिमीचा इन्सर्ट (बॉक्समधला फोमचा तुकडा) असेल तर २५ मिमीचे दोन थर कापून चिकटवता येतील का ते बघा. दुसरं सँपल घ्याच, मालात येणार त्याच फोमचं, त्याच डेन्सिटीचं, त्याच जाडीचं, आणि डाय खर्चिक वाटत असेल तर निदान फोम तरी तोच हवा.

आणि फिट बसणं म्हणजे टेस्ट नाही हो! पॅक करून पाडून बघा. आयस्टा या पॅकिंगच्या टेस्ट ठरवणाऱ्या संस्थेच्या १ए पद्धतीत तुमच्या वजनाचा बॉक्स साधारण ७६ सेंमीवरून दहा वेळा पाडतात: एक कोपरा, त्याला लागून असलेल्या तीन कडा, मग सहाही बाजू. यंत्र मात्र पूर्ण वजनाचं ठेवा. मी एकदा बॅटरी न घालता नुसती केसिंग पाडली, ओरखडासुद्धा नाही, खूश झालो, आणि खऱ्या मालात बॅटरीच्या वजनाने खालचा फोम तळापर्यंत दबला आणि स्क्रीन गेली. जास्त कडक फोम घेऊनही भागत नाही, तो दबतच नाही, धक्का सरळ काचेला जातो. यंत्र किती जागेवर टेकतंय यावर पण बरंच अवलंबून असतं, म्हणून टेकणारी जागा कमीजास्त करून दोन-तीन सँपलं पाडा, जे वाचेल ते घ्या.

हां, आणि बोट घालायला खाच ठेवलीय ना? टाइट बसलं म्हणताय, पण बाहेर काढताना कस्टमर स्क्रीनलाच धरून ओढणार.