साउंड इंजिनिअर व्हायचं म्हणतेय, मग सात वर्षांचं गाणं वाया जाणार का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, सात वर्षं गाणं शिकतेय, मामेबहिणीच्या भक्तिगीतांच्या अल्बमचं रेकॉर्डिंग बघायला तुम्ही दोघी मिरजेहून कोल्हापूरला गेलात आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, साउंड इंजिनिअर व्हायचं. तुम्हाला मात्र दिसलं ते एवढंच की काचेपलीकडचा मुलगा एकच ओळ बारा वेळा गाऊन घेतोय आणि मग कॉम्प्युटरवर तुकडे जोडतोय. "नुसती बटणं दाबायला सात वर्षं गाणं कशाला शिकवलं," असं तुम्ही लिहिलंय.

ताई, ते गाणंच तिच्या उपयोगी पडणारे.

त्या बारा वेळा म्हणजे बारा टेक. त्यातला तिसऱ्यातला मुखडा चांगला, सातव्यातली हरकत चांगली, असं निवडून एक सलग ओळ बांधायची, याला कॉम्पिंग म्हणतात. आता जोड कुठे द्यायचा? श्वासाच्या मधेच कापलं तर गाणारी बाई दोनदा दम घेतेय असं ऐकू येतं, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, अर्ध्यात तोडली तर सूर उडी मारतो. हे ज्याला स्वतःला गाता येतं त्याला पटकन कळतं, बाकीच्यांना शिकायला वर्षं लागतात. सूर दुरुस्त करणारं ऑटो-ट्यून सॉफ्टवेअर १९९७ साली आलं, आज सूर थोडाफार सरकवता येतो हे खरंय, पण बाराव्या टेकपर्यंत गायिका दमली आणि शब्दातला जीव गेला तर तो परत आणणारं सॉफ्टवेअर नाहीये. म्हणून कुठे थांबायचं आणि "चला, चहा घेऊ" कधी म्हणायचं, हेही त्या काचेपलीकडच्या माणसानेच ओळखायचं असतं.

पूर्वी मुंबईत ताडदेवच्या फेमस किंवा बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत अख्खा वाद्यवृंद आणि गायक एकत्रच असायचे, एकाचं चुकलं की सगळे पहिल्यापासून. आता ट्रॅक, म्हणजे वाद्यांचं संगीत, आधी तयार असतो, गाणारा एकटा बूथमध्ये, म्हणजे छोट्या बंद खोलीत, समोर माणूस नाही आणि कानाला हेडफोन. आणि बरंचसं बिघडतं ते या हेडफोनमध्येच! ट्रॅक फार मोठा दिला की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही मग गाणारा ओरडतो आणि सूर हलतो, स्वतःचा आवाज फार मोठा आला तर बुजून दबक्या आवाजात गातो. शास्त्रीय शिकलेल्यांना तानपुरा जरा वर लागतो, काहीजण एक कान मोकळा ठेवून गातात, मग हेडफोनच्या त्या मोकळ्या कपातून तालासाठी दिलेल्या क्लिकचा टकटक आवाज माइकमध्ये शिरतो तो सांभाळावा लागतो. आवाज कॉम्प्युटरमधून फिरून कानात यायला जराही उशीर झाला तरी गाणाऱ्याचा ताल डळमळतो.

माझ्या एका विद्यार्थिनीसोबत मी पुण्यात एका स्टुडिओत बसले होते. तिथला माणूस टॉकबॅकवरून, म्हणजे काचेपलीकडून बोलायच्या माइकवरून, नुसतं "सूर नाहीये, परत" एवढंच म्हणत राहिला, पोरगी सहाव्या टेकला रडली. मला अजून त्याचा राग येतो, कारण तिच्या हेडफोनमध्ये तानपुरा जवळजवळ नव्हताच आणि हे त्याने एकदाही विचारलं नाही. दुसरीकडे एका जुन्या रेकॉर्डिस्टना बघितलं, आधी बाईंच्या हातातल्या बांगड्या काढून ठेवायला सांगितल्या, पंखा बंद, गाण्याचा कागद हातात न देता स्टँडवर, माइकपासून वीतभर अंतरावर उभं केलं आणि पायाशी जमिनीवर चिकटपट्टी लावली, म्हणजे पुढच्या टेकला त्या तिथेच उभ्या राहतील. जवळ सरकलं की कंडेन्सर माइकमध्ये, म्हणजे स्टुडिओतल्या नाजूक माइकमध्ये, आवाज जाड होतो, लांब गेलं की खोलीचा घुमारा ऐकू येतो, म्हणजे दोन टेक एकमेकांना जुळणार कसे? प, फ, भ चा वारा अडवायला पॉप फिल्टर लावला, माइक किंचित तिरका केला, आणि मग म्हणाले, "आता तुम्ही देवासमोर गाताय असं गा." दुसऱ्याच टेकला काम झालं.

आता शिक्षणाचं. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, साउंडचा तीन वर्षांचा कोर्स आहे, पण तो पदवीनंतर, प्रवेश परीक्षा देऊन, आणि बारावीचं फिजिक्स तिथे कामी येतं, नेमक्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. तिथे भर सिनेमाच्या आवाजावर असतो पण पाया पक्का होतो. म्हणून आत्ता घाई नको, बीएस्सी फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स करू दे, गाणं चालूच ठेवू दे. मोठी फी घेणारे खाजगी सहा महिन्यांचे कोर्स असतात, तिथे पैसे भरण्याआधी विचारा की मुलांना स्वतःच्या हाताने किती तास रेकॉर्डिंग करायला मिळतं. उत्तर गोलमोल आलं तर पैसे न भरता सरळ घरी या. आणि पैशांचं खरं सांगते, पहिली काही वर्षं असिस्टंट म्हणून केबल गुंडाळण्यात जातात, उत्पन्न कधी असतं कधी नसतं. त्या काळात डबिंग, ऑडिओबुक, कार्यक्रमांचं लाइव्ह साउंड यावर बरेचजण तगून राहतात.

परीक्षा झाल्यावर सुट्टीत तिला माइक कॉम्प्युटरला जोडणारा एक साधा इंटरफेस, ४८ व्होल्टवर चालणारा एखादा स्वस्तातला कंडेन्सर माइक आणि बंद कपांचा हेडफोन घेऊन द्या. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं. मिरजेत तानपुरे बनवणाऱ्या घरांत गाणारी माणसं येतजात असतातच, त्यांच्यातल्या कुणाला तरी विनंती करून गादी-रजया टांगलेल्या खोलीत एक अभंग रेकॉर्ड करू दे, पाच टेक, आणि त्यातून एक बांधू दे. मग दोन्ही मला पाठवा, बांधलेला पण आणि कच्चे पाच पण. ऐकून तिच्याशी मी स्वतः फोनवर बोलेन.